विश्वाचे प्रसरण आणि अनंताचा प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनीची कडी आणि गुरूचे उपग्रह पाहून झाले की दुर्बिणीभोवतीच्या घोळक्यातून दोन प्रश्न हमखास येतात. विश्वाला शेवट आहे का? आणि ते खरोखरच प्रसरण पावते आहे का? विचारणारा ते एका दमात विचारतो आणि उत्तर देणाराही बहुधा एका दमातच उत्तर देतो. प्रत्यक्षात या दोन प्रश्नांची आजची अवस्था अगदी निराळी आहे. प्रसरणाचा प्रश्न निरीक्षणांनी जवळपास निकाली काढला आहे; वाद उरला आहे तो वेगाचा. अनंताचा प्रश्न मात्र अजून मोकळा आहे. शिवाय त्याची घडणच अशी की ‘नाही, विश्व सांत आहे’ हे उत्तर कधीतरी हाती येऊ शकते, पण ‘होय, अनंत आहे’ हे उत्तर कदाचित कधीच येणार नाही. या दोन्ही प्रश्नांवर आजवर काय काय पुढे आले आणि त्यातले काय टिकले, याचा हा आढावा.

रात्र काळी का असते?

विश्वाच्या आकाराविषयी दुर्बिणीवाचून मिळालेला पहिला पुरावा म्हणजे रात्रीचा काळोख. विश्व अनंत असेल, अनादी असेल आणि त्यात तारे सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर कोणत्याही दिशेला पाहिले तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच थांबायला हवी. मग सगळे आकाश सूर्यबिंबासारखे तळपायला हवे. केप्लरने 1610 मध्ये हा मुद्दा अनंत विश्वाच्या विरोधात वापरला. 1823 मध्ये जर्मन खगोलविद ओल्बर्सने तो पुन्हा मांडला आणि तेव्हापासून हा विरोधाभास त्याच्याच नावाने ओळखला जातो.

न्यूटनसमोर याच प्रश्नाची दुसरी बाजू होती. 1692-93 मध्ये रिचर्ड बेंटली या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रांत त्याने म्हटले, की द्रव्य मर्यादित जागेत असते तर गुरुत्वाकर्षणाने ते मध्यभागी कोसळून त्याचा एकच गोळा झाला असता. ते अनंत अवकाशात पसरलेले असेल तर त्याचे असंख्य गोळे होतील. म्हणजे गुरुत्वाकर्षण अनंताच्या बाजूने बोलत होते आणि रात्रीचा काळोख अनंताच्या विरोधात.

आजचे उत्तर असे: काळोखाचे मुख्य कारण विश्वाचे मर्यादित वय. फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला पुरेसा काळच लोटलेला नाही. जो पोहोचतो तो प्रसरणामुळे क्षीण होतो, पण हे कारण दुय्यम आहे. त्यामुळे रात्रीचा काळोख एवढेच सिद्ध करतो, की विश्व एकाच वेळी अनंत, अनादी आणि अचल असू शकत नाही. या तिघांपैकी कोणते विशेषण गळायचे, ते तो सांगत नाही.

प्रसरणाचा शोध

‘अचल’ हे विशेषण पहिल्यांदा गळाले. त्याचे श्रेय एकट्या हबलला दिले जाते, ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफरने 1912 मध्ये देवयानी तेजोमेघाचा वर्णपट घेतला. तो तेजोमेघ सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे दिसले. पुढे मात्र चित्र पालटले. 1917 पर्यंत स्लायफरने मोजलेल्या 25 सर्पिल तेजोमेघांपैकी 21 दूर जाताना आढळले; त्यांच्या वर्णपटातील रेषा लाल टोकाकडे सरकलेल्या होत्या. यालाच ताम्रसृती म्हणतात.

हे तेजोमेघ आहेत किती दूर, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्याची किल्ली हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेविटच्या कामात होती. सेफिड जातीच्या ताऱ्यांची चमक ठरावीक काळाने कमीजास्त होते आणि हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हा नियम तिने 1912 मध्ये स्पष्टपणे मांडला. 1923 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून एडविन हबलला देवयानी तेजोमेघात असा एक सेफिड सापडला आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे ठरले.

सिद्धांताच्या बाजूला आइनस्टाइनने 1917 मध्ये आपली समीकरणे संपूर्ण विश्वाला लावली होती. त्याचे विश्व सांत होते, पण त्याला कड नव्हती. ते अचल राहावे म्हणून त्याने समीकरणात एक जादा पद घातले. रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमनने 1922 मध्ये दाखवले, की हीच समीकरणे प्रसरण किंवा आकुंचन पावणारे विश्वही देतात. 1927 मध्ये बेल्जियमचा धर्मगुरू आणि भौतिकविद जॉर्ज लमेत्र याने स्लायफरचे वेग आणि हबलची अंतरे एकत्र मांडून प्रसरणाचा दर काढला. पण त्याचा फ्रेंच निबंध कोणी फारसा वाचला नाही. 1929 मध्ये हबलने 24 दीर्घिकांच्या आधारे अंतर आणि वेग यांचे प्रमाण प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष वेधले गेले. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघटनेने 2018 मध्ये या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणण्याची शिफारस करून ही बाकी काहीशी चुकती केली.

नियम मान्य झाला तरी आकडा अडचणीचा होता. हबलने काढलेला दर मेगापार्सेकमागे, म्हणजे 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर होता. त्यावरून विश्वाचे वय जेमतेम 2 अब्ज वर्षे निघत होते, तर खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्ये पृथ्वीचेच वय त्याहून जास्त सांगत होती. बाप पोरापेक्षा धाकटा ठरत होता! सेफिड ताऱ्यांच्या दोन जाती आहेत हे वॉल्टर बाडेने 1952 मध्ये दाखवले तेव्हा सारी अंतरे दुप्पट झाली. 1958 मध्ये ॲलन सँडेजने हा दर 75 च्या आसपास आणला आणि पेच सुटला.

विरोधी मांडण्या

प्रसरण न मानता ताम्रसृतीचा अर्थ लावण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फ्रिट्झ झ्विकीने 1929 मध्येच केला. प्रकाश लांबच्या प्रवासात ऊर्जा गमावतो, ‘थकतो’, म्हणून तो लाल होतो, अशी त्याची कल्पना होती. खुद्द हबलही अर्थ लावण्याबाबत सावध असे. त्याच्या लिखाणात हे वेग ‘भासमान’ असल्याचा उल्लेख वारंवार येतो.

दुसरे आव्हान अधिक भारदस्त होते. 1948 मध्ये हर्मन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. त्यात विश्व अनादी-अनंत आहे आणि दीर्घिका दूर जाऊन मोकळ्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य अत्यंत संथ गतीने निर्माण होत राहते, म्हणून विश्वाचे रूप सदैव सारखेच दिसते. हॉईल यांचे शिष्य आणि पुढे सहकारी म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले, पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंशोधन संस्था उभारणारे जयंत नारळीकर. त्यांनी ही परंपरा पुढे चालवली. 1993 मध्ये हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी तिची सुधारलेली आवृत्ती मांडली आणि 2025 मध्ये निधन होईपर्यंत नारळीकर विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताचे चिकित्सक राहिले.

मराठी वाचकांत इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. नारळीकर महास्फोट मानत नसत, म्हणजे ते विश्वाचे प्रसरण मानत नसत, असे अनेकांना वाटते. तसे नाही. स्थिर-स्थिती सिद्धांताच्या मूळ आणि सुधारलेल्या दोन्ही आवृत्त्यांत विश्व प्रसरण पावतेच. वाद होता तो प्रसरणाला आरंभ होता की नाही याचा. या वादात स्थिर-स्थितीच्या विरोधात गेलेला एक पुरावा भारतातूनच आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटीला उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीतून गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी 1970 च्या दशकात दूरच्या रेडिओस्रोतांचे कोनीय आकार मोजले. विश्वाचे रूप काळानुसार बदलत आले आहे, याच बाजूला ती मोजमापे झुकली.

चार साक्षी

प्रसरणाचा पुरावा म्हणजे केवळ ताम्रसृती, असे धरले तर शंकेला जागा राहते. म्हणून केवळ ताम्रसृतीवर विसंबून नसलेल्या साक्षी महत्त्वाच्या.

पहिली साक्ष काळाची. प्रसरणामुळे प्रकाशलहरी ताणल्या जात असतील तर दूरच्या घटनांचा कालावधीही तेवढाच ताणलेला दिसायला हवा. प्रकाश नुसता थकत असेल तर तसे होणार नाही. विशिष्ट जातीचे सुपरनोव्हा ठरावीक दिवसांत मंदावतात. ताम्रसृती 1 असेल, म्हणजे प्रकाशलहरी दुप्पट ताणल्या गेल्या असतील, तिथे त्यांना दुप्पट दिवस लागताना दिसतात. ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने 2024 मध्ये सुमारे 1500 सुपरनोव्हांवर हे तपासले आणि अपेक्षित ताण सुमारे एका टक्क्याच्या अचूकतेने बरोबर निघाला.

दुसरी साक्ष तापमानाची. सारे अवकाश 2.725 केल्विन तापमानाच्या सूक्ष्मतरंग प्रारणाने भरलेले आहे. पेन्झियास आणि विल्सन यांना ते अपघातानेच सापडले आणि 1965 मध्ये त्यांनी तो शोध प्रसिद्ध केला. विश्व प्रसरण पावत असेल तर पूर्वी हे प्रारण अधिक तापलेले असले पाहिजे. ‘आयुका’चे आर. श्रीआनंद, पॅट्रिक पेतिज्याँ आणि सेड्रिक लेदू यांनी 2000 मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्याने 2.34 ताम्रसृतीच्या एका वायुमेघातील अणू आणि रेणू तपासले. तेथील तापमान 6 ते 14 केल्विनच्या दरम्यान निघाले. सिद्धांताचे भाकीत 9.1 केल्विनचे होते. पुढे कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून याहून नेमकी मोजमापे झाली आणि तीही भाकिताशी जुळली.

तिसरी साक्ष याच प्रारणाच्या वर्णपटाची. ‘कोबे’ उपग्रहाने 1990 मध्ये दाखवले, की तो आदर्श कृष्णवस्तूच्या वर्णपटाशी तंतोतंत जुळतो. प्रसरणात हा आकार जसाच्या तसा राहतो. नुसती ऊर्जा गळत गेली असती तर तो बिघडला असता.

चौथी साक्ष दीर्घिकांच्या पृष्ठतेजाची. प्रसरण पावणाऱ्या विश्वात ते ताम्रसृतीनुसार फार झपाट्याने घटते, थकल्या प्रकाशाच्या विश्वात हळूहळू. लोरी ल्युबिन आणि सँडेज यांनी 2001 मध्ये केलेल्या चाचणीत कौल प्रसरणाकडे गेला. मात्र दीर्घिका स्वतःही काळानुसार बदलत असल्याने ही साक्ष चौघींत सर्वांत कमजोर धरावी.

जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या पहिल्या 30 कोटी वर्षांतल्या तेजस्वी दीर्घिका दिसल्यापासून ‘महास्फोट खोटा ठरला’ अशा बातम्या येत असतात. त्या दीर्घिकांनी अडचणीत आणली आहे ती दीर्घिका इतक्या लवकर कशा घडल्या याची गणिते. वरच्या चार साक्षींना त्यांनी धक्का लावलेला नाही. किंबहुना त्यांतल्या सर्वांत दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश 15 पटींनी ताणून आलेला आहे.

प्रसरण कशाचे, कशात?

आपले शरीर, सूर्यमाला, आकाशगंगा यांपैकी काहीही प्रसरण पावत नाही. बलांनी बांधलेल्या गोष्टी बांधलेल्याच राहतात. देवयानी आपल्याकडे येते आहे ती याचमुळे. वाढते ते दीर्घिकांच्या समूहांमधले अंतर. त्याला केंद्र नाही आणि पसरण्यासाठी बाहेरची रिकामी जागाही लागत नाही. सुमारे 14 अब्ज प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांचे अंतर आज प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद वाढते आहे. त्यात सापेक्षतेचा भंग नाही, कारण कोणतीही वस्तू आपल्या शेजारच्या प्रकाशकिरणाला मागे टाकत नाही.

इथे एक खोल शंका उरते. अंतरे वाढण्याऐवजी आपली मोजपट्टीच आखडत असेल तर? नारळीकर आणि हाल्टन आर्प यांनी 1993 मध्ये अशी मांडणी केली, की अवकाश स्थिर असून मूलकणांचे वस्तुमान काळानुसार वाढते. पूर्वीचे अणू हलके असल्याने त्यांचा प्रकाश मुळातच लालसर. 2013 मध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ वेटेरिख यांनी निराळ्या वाटेने तशाच कल्पनेचे प्रसरणाविना विश्व मांडले आणि ते नेहमीच्या वर्णनाशी गणिताने समतुल्य असल्याचे दाखवले. प्रत्यक्ष मोजता येते ते दीर्घिकांमधले अंतर भागिले अणूचा आकार, एवढेच गुणोत्तर. ते वाढते आहे याबद्दल दोन्ही वर्णनांत मतभेद नाही.

वेगाचा वाद

खरी चुरस आज आकड्यावर आहे. ‘प्लांक’ उपग्रहाच्या प्रारणनोंदींवरून काढलेला आजचा दर मेगापार्सेकमागे सेकंदाला 67.4 किलोमीटर येतो. सेफिड आणि सुपरनोव्हा यांच्या शिडीने ॲडम रीस यांच्या गटाला तो 73 च्या आसपास मिळतो, तर वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचे अलीकडचे उत्तर 70 च्या जवळपास आहे. मोजणीत कुठे चूक आहे की सिद्धांतात काही कमी आहे, हे ठरलेले नाही.

1998 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेते आहे. या शोधाला 2011 चे नोबेल मिळाले. त्यामागच्या कारणाला आपण कृष्ण ऊर्जा म्हणतो आणि ती विश्वातल्या एकूण ऊर्जेच्या सुमारे 70 टक्के आहे. ॲरिझोनातील ‘डेसी’ प्रकल्पाने 2025 मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वासारांच्या नकाशावरून सुचवले, की ही ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी. शोध जाहीर करण्याइतका तो पुरावा अजून भक्कम नाही. तो टिकला तर विश्वाच्या भवितव्याची गणिते बदलतील. प्रसरण होते आहे, या निष्कर्षात फरक पडणार नाही.

अनंताकडे जाणाऱ्या तीन वाटा

आता दुसरा प्रश्न. सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढू. दृश्य विश्व सांत आहे. विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे, आणि या काळात ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येऊ शकला ती स्थळे प्रसरणामुळे आज सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत पोहोचली आहेत. ही आपल्या दृष्टीची सीमा झाली, विश्वाची नव्हे. तिच्या पलीकडे काय, याचा अंदाज तीन वाटांनी घेतला जातो.

पहिली वाट वक्रतेची. अवकाशाला गोलासारखी धन वक्रता असेल तर विश्व नक्कीच सांत. प्रारणातल्या बारीक चढउतारांच्या कोनीय आकारावरून ही वक्रता मोजता येते. अंटार्क्टिकावर उडवलेल्या ‘बूमरँग’ फुग्याने 2000 मध्ये अवकाश सपाट असल्याचे दाखवले. ‘प्लांक’ आणि दीर्घिकांच्या नोंदी एकत्र केल्यावर वक्रतेचा वाटा शून्य निघतो, अनिश्चितता सुमारे 0.2 टक्के. फक्त ‘प्लांक’च्या नोंदी घेतल्या तर त्या किंचित धन वक्रतेकडे झुकतात, हे 2019 मध्ये डी व्हॅलेंटिनो, मेल्किओरी आणि सिल्क यांनी दाखवून दिले, परंतु इतर नोंदी जोडल्या की हा कल नाहीसा होतो. अडचण निराळीच आहे. दृश्य विश्वातल्या घनतेतच दहा हजारात ते लाखात एक एवढे चढउतार आहेत. त्याहून बारीक वक्रता कितीही उत्तम उपकरणाने ओळखता येणार नाही. म्हणजे ‘अगदी शून्य’ हे उत्तर मोजमापातून कधीच मिळणार नाही.

दुसरी वाट अवकाशाच्या जोडणीची. सपाट म्हणजे अनंत, हे समीकरणच चुकीचे आहे. जुन्या मोबाइलवरच्या खेळातला साप पडद्याच्या उजव्या कडेने बाहेर पडून डावीकडून आत येतो. तो पडदा सपाट आहे, त्याला सापाच्या दृष्टीने कड नाही आणि तरीही तो सांत आहे. विश्व असे असेल आणि पुरेसे लहान असेल तर प्रारणाच्या नकाशात आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत एकसारखी वर्तुळे दिसायला हवीत. नील कॉर्निश, डेव्हिड स्पर्गेल आणि ग्लेन स्टार्कमन यांनी सुचवलेला हा शोध 2004 मध्ये घेतला गेला. वर्तुळे सापडली नाहीत, आणि अशा विश्वाचा आवाका किमान 78 अब्ज प्रकाशवर्षांचा असला पाहिजे असे अनुमान निघाले. ‘आयुका’त दीर्घकाळ काम केलेले तरुण सौरदीप यांनीही डिक बाँड आणि दिमित्री पोगोस्यान यांच्याबरोबर सांत विश्वांच्या प्रारणखुणांवर महत्त्वाचे काम केले आहे. शोध संपलेला नाही. अनेक गुंतागुंतीच्या जोडण्या अजून तपासायच्या आहेत.

तिसरी वाट सिद्धांताची. ॲलन गूथ यांनी 1981 मध्ये मांडलेल्या महाविस्ताराच्या कल्पनेनुसार आरंभीच्या क्षणांशात विश्व इतके फुगले, की दृश्य भाग हा त्याचा अगदी क्षुल्लक तुकडा ठरतो. पण प्रचंड म्हणजे अनंत नव्हे. या कल्पनेची काही रूपे अनंत विश्व देतात, काही देत नाहीत. आणि विश्व आज अनंत असेल तर ते महास्फोटाच्या वेळीही अनंतच होते. ‘सारे विश्व एका बिंदूत होते’ हे वाक्य मग फक्त दृश्य भागापुरते खरे. अनंत विश्वाचे परिणामही अंगावर येणारे आहेत. जॉर्ज एलिस आणि जी. ब्रुंड्रिट यांनी 1979 मध्ये दाखवले, की अशा एकसारख्या विश्वात आपल्यासारख्या पृथ्वीच्या आणि माणसांच्याही अगणित आवृत्त्या असायला हव्यात.

निवाडा

प्रसरणाच्या बाजूने चार निरनिराळ्या साक्षी आहेत आणि प्रत्येकीची चाचणी उलटी जाऊ शकली असती, गेली नाही. म्हणून प्रसरण सिद्ध मानावे. अनंताच्या बाजूने एकही थेट साक्ष नाही, आणि सांतपणाच्या बाजूनेही नाही. उद्या प्रारणाच्या नकाशात जुळी वर्तुळे सापडली किंवा धन वक्रता पक्की झाली, तर विश्व सांत ठरेल. ती न सापडल्यास एवढेच म्हणता येईल, की विश्व आपल्या दृष्टीच्या आवाक्यापेक्षा मोठे आहे. तेव्हा विश्व प्रसरण पावत नाही असा दावा कोणी केला, तर त्याच्याकडून सुपरनोव्हाचा काळ, प्राचीन मेघांचे तापमान, प्रारणाचा वर्णपट आणि दीर्घिकांचे पृष्ठतेज या चारही गोष्टींचा खुलासा एकत्र मागावा. आणि विश्व अनंत आहे असे कोणी ठामपणे सांगितले, तर ते त्याने कोणत्या मोजमापावरून ठरवले, एवढे विचारावे.